नेमकं तेच गाणं: जुने सोल, फंक आणि हाउस ट्रॅक पुन्हा हाती लागावेत म्हणून

जुनं गाणं शोधायला मदत मागणारे बहुतेक जण मला एकच वाक्य ऐकवतात: ‘गाणं मिळालं, पण ते तसं वाजत नाही.’ मग वयाला, कानाला किंवा आठवणीला दोष देऊन ते गाणं सोडून देतात. खरं तर बहुतेक वेळा आठवण बरोबर असते, हाती लागलेली आवृत्ती चुकीची असते.

माझंही हेच झालं होतं. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने १९९६च्या सुमारास परदेशी रेडिओवरून भरलेली एक कॅसेट आमच्या घरी होती. तिच्यावरचं एव्हरीथिंग बट द गर्लचं ‘मिसिंग’ मी बऱ्याच वर्षांनी शोधलं आणि वर आलेला पहिला निकाल लावला. गाणं तेच, बाईंचा आवाज तोच, पण पावलं हलवणारा तो ठेका कुठेच नाही. ठेका आपल्याच मनाने जोडला असेल असं समजून मी गप्प बसलो. मी ऐकत होतो ती १९९४च्या अल्बममधली मूळ आवृत्ती होती. मामाच्या कॅसेटवर होतं ते टॉड टेरीने केलेलं, १९९५मध्ये गाजलेलं रिमिक्स, म्हणजे त्याच गाण्याची नव्या ठेक्यावर बांधलेली आवृत्ती.

सोल, फंक आणि हाउस या अमेरिकी संगीतप्रकारांत एकेका गाण्याच्या पाच-सात आवृत्त्या असणं नेहमीचंच आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. विशेषतः पहिली पायरी गाळू नका, कारण ती नंतर करता येत नाही.

## तयारी

एक वही, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढं पुरतं. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या बाहेर काढून ठेवा, पण अजून वाजवू नका. जुन्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) थेट घातलेली कॅसेट अडकून टेप चुरगळते. त्याबद्दल सातव्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे.

## १. आधी वही, मग शोध

फोन बाजूला ठेवा आणि जे आठवतं ते सगळं लिहून काढा.

गाणं कुठे ऐकलं आणि साधारण कधी? साल आठवत नसेल तर आयुष्यातल्या खुणा धरा: दहावीच्या आधी की नंतर, कुठल्या घरात राहत असताना, कॅसेटवर की सीडीवर. ‘१९८८ ते १९९२’ एवढी मर्यादा मिळाली तरी शोध निम्मा होतो.

सुरुवात कशी होती? थेट गाणं सुरू व्हायचं की आधी बराच वेळ नुसता ठेका चालायचा? मध्ये सगळं थांबून फक्त आवाज किंवा फक्त बेस राहायचा का? शेवट हळूहळू विरायचा की अचानक तुटायचा? आवृत्ती ओळखायला पुढे याच नोंदी कामी येतात, आणि नेमक्या याच लोक लिहीत नाहीत.

शब्द जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहा. रोमन लिपीत लिहायला गेलं की आपण नकळत स्पेलिंग दुरुस्त करतो आणि त्या भरात मूळ ध्वनी हरवतो. निरर्थक वाटलं तरी चालेल. चुकीचे ऐकलेले शब्दसुद्धा स्वर आणि अक्षरांची संख्या बहुधा बरोबर सांगतात.

शेवटी लय. गाणं मनात चालू करा, बोटाने ठोके द्या, १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. येणारा आकडा अगदी अचूक नसेल, पण ९५ आणि १२५ यांतला फरक नक्की कळतो.

थांबा. हे लिहून होईपर्यंत एकही क्लिप लावू नका. चुकीची आवृत्ती तीन-चार वेळा ऐकली की मन तिलाच मूळ मानू लागतं, आणि ताडून पाहायला काही उरत नाही.

## २. ठेक्यावरून घराणं ओळखा

चार मात्रांचं आवर्तन धरा आणि जोर कुठे पडतो ते पाहा.

सोलमध्ये टाळी किंवा स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येते, आणि गाणारा आवाज सगळ्यांच्या पुढे असतो. फंकमध्ये सगळं वजन पहिल्या मात्रेवर, आपल्या समेवर, येऊन पडतं. फंकचा प्रणेता जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून याच पहिल्या मात्रेचा आग्रह धरायचा. बाकीच्या मात्रांत बेस, गिटार आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) एकमेकांच्या मोकळ्या जागा भरतात. लय बहुधा ९५ ते ११५.

हाउसमध्ये चारही मात्रांवर किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका), दोन किकच्या मधोमध उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी), आणि लय साधारण ११८ ते १३०. इथे एक गफलत नेहमी होते. चारही मात्रांवर किक डिस्कोतही असते, त्यामुळे १९७०च्या दशकातलं डिस्को-सोल लोक हाउस म्हणून शोधत बसतात. क्लिप हाती आल्यावर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं साधन) लावून पाहा. काही मिनिटांत गाणं मेट्रोनोमच्या पुढेमागे सरकलं तर ड्रमवर माणूस बसलेला आहे. शेवटपर्यंत तसूभर हललं नाही तर बहुतेक यंत्र आहे. हाउस शिकागोत १९८०च्या दशकाच्या मध्यावर रेकॉर्डवर आलं, आणि त्याची ती घट्ट किक देणारं रोलँडचं टीआर-९०९ हे यंत्र १९८३चं. त्या यंत्राची किक ऐकू येत असेल तर त्याआधीच्या सालांत शोधण्यात वेळ घालवू नका. मात्र जुन्या गाण्याखाली नंतर ९०९ची किक घालून केलेली रिमिक्सही भरपूर आहेत. तसं वाटलं तर वहीत ‘गाणं जुनं, ठेका नवा?’ असं लिहून ठेवा.

## ३. शोध या क्रमाने करा

सर्वांत आधी घरातला कागद. कॅसेटच्या आतला कार्डबोर्ड, मामा-काकांच्या हस्ताक्षरातली यादी, पाठीवरची तारीख. नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये असलं तरी तो सर्वांत भरवशाचा पुरावा.

गाण्याचा कुठलाही तुकडा वाजवता येत असेल तर शझॅम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप. ते विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं, म्हणून तुम्ही गुणगुणलेलं त्याला ओळखता येत नाही. गुणगुणण्यासाठी गूगलच्या अ‍ॅपमधला धून ओळखणारा शोध वापरा. दहा-पंधरा सेकंद नुसत्या ‘ना ना ना’वर चाल गा, शब्द घालू नका. फंकसाठी हा उपाय फारसा चालत नाही, कारण तिथे चालीपेक्षा बेसलाइन जास्त लक्षात राहिलेली असते. बेसलाइनच गुणगुणून पाहा, कधीकधी लागते.

डीजे मिक्समधला तुकडा ओळखला जात नसेल तर त्यामागे दोन कारणं असतात. एक, तुम्ही दोन गाणी एकमेकांवर चढलेली जागा निवडली आहे. गाण्याचा मधला भाग घ्या. दुसरं, वेग बदललेला आहे. क्लबमधल्या टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलवर वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येतो, आणि सुमारे ६ टक्क्यांनी गाणं अर्धा स्वर चढतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुकडा घ्या, वेग आणि स्वर एकत्र बदलणारा इफेक्ट लावा, आणि उणे २, उणे ४, उणे ६ टक्के असं उतरवत पुन्हा ओळखायला द्या. नवशिके हे करतच नाहीत, आणि बहुतेक वेळा गाडी इथेच अडलेली असते.

शब्दांवरून शोध सर्वांत शेवटी. हाउसमध्ये एकदोन ओळीच पुन्हा पुन्हा येतात आणि त्याच ओळी शेकडो गाण्यांत आहेत.

तपासा. नाव मिळालं की वहीतल्या किमान तीन नोंदी जुळतात का पाहा. फक्त मुखडा जुळला तर पुढची पायरी नीट वाचा.

## ४. आवाज कोणाचा, हे कव्हरवरून ठरवू नका

ब्लॅक बॉक्सचं ‘राइड ऑन टाइम’ १९८९चं. त्यातला तो फाडून काढणारा आवाज लोलीटा हॉलोवेचा, तिच्या १९८०च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधून उचललेला. व्हिडिओत ओठ हलवणारी बाई वेगळीच. हक्कांचा वाद झाल्यावर तेच गाणं दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊन पुन्हा बाजारात आलं. म्हणजे एकाच नावाच्या दोन आवृत्त्या, दोन आवाज. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या १९९०च्या पहिल्या मोठ्या गाण्यातही मुखडा मार्था वॉशने गायला आणि पडद्यावर दुसरी दिसली. या गायिकांना नावासाठी, पैशासाठी कोर्टात भांडावं लागलं. आपण गाणं शोधताना निदान खरं नाव वहीत लिहावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय त्याचा रोकडा फायदा आहे: खरी गायिका कळली की तिची बाकीची गाणीही हाती लागतात.

आवाजाप्रमाणे वादनही उसनं असतं. मोजोच्या २०००मधल्या ‘लेडी’ची गिटार शीकच्या १९८२च्या ‘सूप फॉर वन’मधली आहे. स्टारडस्टच्या १९९८च्या एकमेव गाण्याखाली चाका खानच्या १९८१च्या ‘फेट’चा तुकडा फिरत राहतो. त्यामुळे ‘हे मी कुठेतरी आधी ऐकलंय’ असं वाटलं तर हूसॅम्पल्ड या संकेतस्थळावर दोन्ही दिशांनी पाहा: या गाण्याने कुठून घेतलं, आणि या गाण्यातून कोणी घेतलं. तुमची आठवण १९९०च्या आधीची असेल तर तुम्हाला मूळ गाणं हवं आहे, कितीही प्रसिद्ध असलं तरी नंतरचं नव्हे.

## ५. नेमकी आवृत्ती पकडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

डिस्कॉग्स या रेकॉर्डांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर गाण्याचं मुख्य पान उघडा आणि खाली दिसणाऱ्या सगळ्या मुद्रणांची यादी पाहा. प्रत्येकापुढे देश, साल, कंपनी आणि कॅटलॉग क्रमांक असतो. आत ट्रॅकची लांबी आणि मिक्सचं नाव. आता वही उघडा. सुरुवातीला लांब ठेका आठवत असेल तर तुम्हाला १२ इंची रेकॉर्डवरचं मिक्स हवं. रेडिओवर ऐकलं असेल तर तीन-चार मिनिटांचं एडिट. शब्द जवळजवळ नव्हतेच, एखादी हाक प्रतिध्वनीसारखी यायची, असं आठवत असेल तर ‘डब’.

फरक किती मोठा असतो? साल्सोल कंपनीने १९७६मध्ये डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ १२ इंची सिंगल म्हणून दुकानात विकायला ठेवलं. वॉल्टर गिबन्सने तीनेक मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांवर नेलं होतं. ज्याला ते नऊ मिनिटांचं आठवतं त्याला छोटं ऐकवलं तर गाणं कापल्यासारखंच वाटणार. रॉबिन एसचं ‘शो मी लव्ह’ मुळात १९९०चं. जगभर वाजलं ते स्वीडनच्या स्टोनब्रिजचं, त्या ऑर्गनसारख्या बेसलाइनचं रिमिक्स, आणि ते गाजलं १९९३मध्ये. मिस्टर फिंगर्स या नावाने लॅरी हर्डने केलेलं ‘कॅन यू फील इट’ मुळात शब्दांविना आहे. त्यावर भाषण चढवलेल्या आवृत्त्याही आहेत, एकीत तर मार्टिन ल्यूथर किंग यांचा आवाज. तुम्हाला भाषण आठवत असेल तर ‘मूळ’ म्हणून मिळालेली आवृत्ती तुमची नाही.

तीन सापळे:

स्ट्रीमिंगवर दिसणारं साल अनेकदा संकलनाचं असतं, गाण्याचं नाही. १९७२च्या गाण्यापुढे २००८ दिसलं म्हणून ते नाकारू नका, आणि १९७२ दिसलं म्हणून लगेच मानूही नका.

अनेक सोल गायकांनी आपलीच गाणी काही दशकांनी दुसऱ्या कंपनीसाठी नव्याने गायली, कारण मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क पहिल्या कंपनीकडे होते. नाव तेच, गायक तोच, पण आवाज थकलेला आणि मागे ब्रासऐवजी कीबोर्ड. स्वस्त संकलनांत हीच भरलेली असतात. बारीक अक्षरांत ‘री-रेकॉर्डेड’ लिहिलंय का पाहा. रीमास्टर हा वेगळा प्रकार आहे; त्यात ध्वनिमुद्रण तेच असतं.

लोकांनी चढवलेल्या क्लिपचा वेग चुकीचा असू शकतो. ३३⅓ची रेकॉर्ड ४५वर फिरवली तर वेग ३५ टक्के वाढतो, ते लगेच कळतं. एखाद-दोन टक्क्यांचा फरक मात्र कळत नाही आणि गाणं उगाच ‘वेगळं’ वाटत राहतं. डिस्कॉग्सवरच्या लांबीशी ताडा.

तपासा. कंपनी, साल, मिक्सचं नाव आणि लांबी. चारही वहीत उतरल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

## ६. विकत घेताना

आधी अधिकृत डिजिटल विक्री पाहा. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर अनेक छोट्या कंपन्या जुनी १२ इंची मिक्स मूळ टेपवरून देतात. स्ट्रीमिंगवर असेल तर ते मिक्स असलेलं संकलन शोधून तिथूनच प्लेलिस्टमध्ये टाका. नुसत्या नावाने टाकलं तर छोटं एडिट येतं.

रेकॉर्डच घ्यायची असेल तर विक्रेत्याने दिलेला दर्जा वाचा. ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुडपेक्षा थोडा वरचा दर्जा) पर्यंत निर्धास्त घ्या. नुसतं ‘व्हीजी’ असेल तर संथ सोल गाण्यात खरखर नक्की ऐकू येते, जोरकस फंकमध्ये ती थोडी झाकली जाते. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा. मुंबईच्या चोरबाजारात घेत असाल तर रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरपी धरा. नखाला लागणारी चीर असेल तर ठेवून द्या. पाकीट आणि आतली रेकॉर्ड एकच आहे का, हे मधल्या लेबलवरच्या क्रमांकावरून पाहा.

आपल्याकडची एक गोष्ट इथेच सांगतो. चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये मुंबईत टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. याच टीबी-३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं अ‍ॅसिड हाउस त्यानंतर काही वर्षांनी आलं. ती रेकॉर्ड दुर्लक्षित राहिली आणि २०१०मध्ये पुन्हा निघाली. १९७६मध्ये ‘स्पेस टॉक’ गाणाऱ्या आशा पुथली मुंबईच्याच, आणि ते गाणं न्यूयॉर्कला डेव्हिड मॅनकुसोच्या ‘लॉफ्ट’मधल्या पार्ट्यांत वाजायचं. दुकानात असा माल भलत्याच खणात पडलेला असतो, म्हणून विभागाच्या पाटीवर विसंबू नका, नावाने विचारा. आणि मूळ प्रतीच्या मागे धावण्याआधी पुनर्मुद्रण मिळतं का पाहा.

## ७. कॅसेटवरून उतरवून घेणं

जे मिक्स कुठेच विकत मिळत नाही, किंवा रेडिओवरचा तो निवेदकाचा आवाजसुद्धा हवा आहे, त्यासाठी हाच मार्ग.

अ. कॅसेट तपासा. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळी हवेत, विशेषतः कोकण-मुंबईत, हे फार होतं. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती बाजूला ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटच्या उघड्या कडेच्या मध्यभागी, टेपच्या मागे असलेली छोटी नमद्याची गादी जागेवर आहे का पाहा. ती गळली असेल तर आवाज दबका येतो; टेप दुसऱ्या, स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात बदलून घ्यावी लागेल.

आ. मागचे दोन कान तोडा. कॅसेटच्या पाठीच्या कडेला असलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या तोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जात नाही. दहा सेकंदांचं काम आहे, आधी करा.

इ. डेक स्वच्छ करा. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि धातूची बारीक दांडी पुसा, बोळा तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. रबराचा रोलर हलक्या हाताने. मग बिनकामाची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहा. टेप गिळली तर ती बिनकामाची गेलेली बरी.

ई. टेप सैल करा. बरीच वर्षं न हललेली कॅसेट आधी पेन्सिलीने थोडी फिरवा, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्या. ९० मिनिटांची टेप ६० मिनिटांच्या टेपपेक्षा पातळ असते, तिला झटके देऊ नका.

उ. जोडणी. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, तिथून संगणकात. हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालण्याचा मोह टाळा. ते भोक बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो. कॅसेट डॉल्बी (टेपची सूं-सूं कमी करणारी सोय) लावून भरली असेल तर वाजवतानाही डॉल्बी लावा. शंका असेल तर दोन्ही प्रकारे ऐका: हाय-हॅट जिथे नैसर्गिक वाटते ते बरोबर.

ऊ. हेडचा कोन. आवाज चादरीखालून आल्यासारखा वाटत असेल तर ज्या मशीनवर कॅसेट भरली तिचा हेड वेगळ्या कोनात होता. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने तो बदलता येतो. पण आधी स्क्रूची मूळ जागा पेनाने खूण करून ठेवा, आवाज मोनो करा, आणि अगदी बारीक फिरवत हाय-हॅट सर्वांत स्पष्ट होईल तिथे थांबा. काम झाल्यावर खुणेवर परत आणा. हात थरथरत असेल तर ही पायरी सोडून द्या.

ए. भरा. सर्वांत मोठ्या आवाजाची जागा शोधा आणि पातळी तिथे उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, फाइलचा प्रकार वेव्ह किंवा फ्लॅक. गाणंगाणं थांबवू नका, पूर्ण बाजू एकदम घ्या. तुकडे नंतर संगणकावर करा. जुनी कॅसेट एकदाच चांगली वाजेल असं समजून वागा.

सावधान. सूं-सूं काढण्याचं साधन जेमतेम वापरा. जास्त वापरलं की झांज आणि टाळ्या पाण्याखाली गेल्यासारख्या होतात. आणि न सुधारलेली फाइल कधीही पुसू नका.

तपासा. त्याच कॅसेटवरच्या, अधिकृत प्रत उपलब्ध असलेल्या दुसऱ्या गाण्याची लांबी ताडून पाहा. आपली प्रत दोन टक्क्यांनी छोटी निघाली तर डेक तेवढा पळतो आहे. संपूर्ण बाजूचा वेग त्या प्रमाणात कमी करा.

## ८. पहिलं ऐकणं आणि नोंद

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हाउसची बेसलाइन त्यावर जवळजवळ येतच नाही आणि चांगली आवृत्तीसुद्धा पोकळ वाटते. हेडफोन लावा, वही समोर ठेवा, गाणं शेवटपर्यंत ऐका, आणि पहिल्या पायरीतली एकेक नोंद जुळली की तिच्यापुढे खूण करा. सुरुवात, मधला थांबा आणि शेवट जुळले तर आवृत्ती तीच. शेवट जुळत नसेल तर एक शक्यता आधी तपासा: कॅसेटची बाजू तिथे संपत होती का? मामाच्या कॅसेटवरचं ‘मिसिंग’ मधेच तुटतं, आणि कित्येक वर्षं मी तोच त्याचा शेवट समजत होतो.

काही नोंदी जुळत नसतील तर पाचव्या पायरीवर परत जा आणि यादीतलं पुढचं मुद्रण घ्या.

फाइलला नाव देताना क्रम ठेवा: कलाकार, गाणं, मिक्स, कंपनी, साल. स्वतः उतरवलेली असेल तर शेवटी ‘कॅसेटवरून’ आणि तारीख. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि दुसरी प्रत उघडून, मधूनच कुठूनतरी वाजवून पाहा.